दोन शेपटांची गाठ

गावभर तिला तक्रारताई म्हणत. तिचं खरं नाव हजेरीच्या पुस्तकात होतं आणि तिथेच राहिलं होतं. लाइट गेले की लोक वीजकचेरीत फोन लावत, आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच त्या फोनच्या अलीकडच्या टोकाला अकरा वर्षं तीच बसलेली असे. लोकांनी तिला शिव्या घातल्या होत्या, विनवण्या केल्या होत्या, एका निवृत्त मास्तरांनी तर रागाच्या भरात तिचं व्याकरण सुधारलं होतं. तिचं उत्तर सगळ्यांना एकच: आधी कुठून बोलता ते सांगा, मग खिडकीतून डोकावून शेजाऱ्याकडे लाइट आहेत का ते बघा, आणि मग काय रागवायचं ते रागवा.

तो मधला प्रश्न कचेरीने तिला शिकवला नव्हता. छापील फॉर्मवर फक्त वेळ आणि पत्ता लिहायची जागा होती. पण पहिल्याच वर्षी तिच्या लक्षात आलं होतं की माणूस स्वतःच्या घरातल्या अंधाराबद्दल बोलतो तेव्हा काहीच कळत नाही, आणि समोरच्याच्या घरातल्या उजेडाबद्दल जळफळाट करतो तेव्हा सगळं कळतं. दंतवैद्याकडे अंधार आणि शिंप्याकडे उजेड, म्हणजे बिघाड त्या दोघांच्या मधल्या तीन खांबांत. मग ती हे सगळं वहीत उतरवू लागली. कोणाकडे आहे, कोणाकडे नाही, वारा होता का, आणि शेवटी लाइनमनला नेमकं काय सापडलं. अशा सतरा वह्या भरल्या होत्या. कपाटात जागा संपली तेव्हा तिने त्या खुर्चीवर ठेवून वर उशी टाकली आणि त्यांच्यावर बसू लागली. टेबल जरा उंचच होतं, त्यामुळे तेही काम झालं.

गावाला वीज देणाऱ्या लाइनी दोन. एक कालव्याच्या कडेने जायची, दुसरी टेकडीवरून. दोन्ही एकाच वीजकेंद्रातून निघायच्या, गावाला दोन हातांनी कवेत घेतल्यासारख्या लांबवर जायच्या, आणि पलीकडच्या माळावर एकमेकींपासून अर्ध्या मैलावर येऊन संपायच्या. मधे नुसतं गवत. वाटेत कुठेही एक तार तुटली की वीजकेंद्रापासून शेपटापर्यंत ती अख्खी लाइन बंद. बिघाड कुठे आहे ते शोधा, दुरुस्त करा, मग सगळ्यांना एकदम वीज. तोवर चार हजार घरं हातावर हात ठेवून बसलेली.

कालव्याच्या लाइनीच्या अगदी शेपटाला तिच्या थोरल्या नणंदेचं अंडी उबवण्याचं केंद्र होतं. दोन मोठी मशीनं, एका खेपेला दोन हजार अंडी, एकवीस दिवस एकसारखी ऊब. या एकवीस दिवसांत वीज रुसली की नणंद तक्रार कक्षात फोन करायची, आणि तो फोन इतरांसारखा नसायचा. "वहिनी, तू वीजकचेरीत बसून करतेस तरी काय?" इथून सुरुवात व्हायची. तक्रारताई तिलाही तोच प्रश्न विचारायची, की शेजाऱ्याकडे आहेत का लाइट, वन्सं? नणंदेला शेजारी नव्हताच. त्यामुळे ती आणखी चिडायची.

अशात कचेरीत नव्या इंजिनिअर मॅडम आल्या. वय तिशीच्या आतलं, पायात बूट, आणि डोक्यात एकच विषय. पहिल्याच आठवड्यात त्यांनी भिंतीवर गावाचा नकाशा लावला आणि दोन्ही शेपटांच्या मधे लाल पेन्सिलीने रेघ ओढली. त्यांचं म्हणणं सोपं होतं. ही दोन शेपटं एकमेकांना जोडायची. जोड एरवी उघडा, म्हणजे तोडलेला, ठेवायचा आणि गरज पडली की लावायचा. आणि प्रत्येक लाइनीवर मधेमधे खांबावरचे स्विच बसवायचे. बिघाड झाला की त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा स्विच उघडायचा, म्हणजे आजारी तुकडा बाजूला पडतो. अलीकडच्यांना वीजकेंद्राकडून वीज मिळते, पलीकडच्यांना शेपटाच्या जोडातून उलट्या वाटेने. अंधारात राहतो तो फक्त मधला तुकडा.

वरून मंजुरी आली ती एक जोड आणि चार स्विचची. प्रत्येक लाइनीला दोन. मॅडमनी कॉम्प्युटरला विचारलं, तर त्याने प्रत्येक लाइनीचे घरांच्या संख्येनुसार तीन सारखे भाग पाडून दिले.

लाइनमनने तो कागद पाहिला आणि मान हलवली. हा लाइनमन उंच, सडपातळ, शिडीवर एका पायावर उभा राहून काम करायची सवय असलेला, म्हणून त्याला सगळे बगळा म्हणत, आणि तोंडावर बगळेभाऊ. तो मॅडमना म्हणाला की हे वाटप वडिलोपार्जित जमिनीसाठी ठीक आहे, लाइनीसाठी नाही. तारा सारख्या ठिकाणी तुटत नाहीत. कुठे तुटतात, हे मॅडमनी विचारलं, तेव्हा त्याने तक्रार कक्षाकडे बोट केलं आणि सांगितलं, "ताईंना खुर्चीवरून उठवा, म्हणजे सापडेल."

पुढचे बारा दिवस त्या तिघांनी दुपारचे डबे नकाशासमोरच उघडले. ताई वहीतून वाचायची, बगळेभाऊ खांब ओळखायचा, मॅडम तिथे टाचणी टोचायच्या. बाराव्या दिवशी नकाशा साळिंदरासारखा दिसू लागला, पण सगळीकडे नव्हे. कालव्याच्या लाइनीवर निलगिरीच्या रांगेत टाचण्यांना जागा उरली नव्हती, आणि टेकडीच्या लाइनीवर दगडखाणीच्या वळणावर. अकरा वर्षांतले दोन तृतीयांश बिघाड या दोन तुकड्यांतले होते. निलगिरीची रांग जेमतेम दोनशे घरांची, आणि तिच्या एका फांदीपायी चार हजार घरं अंधारात जात होती.

मॅडम टाचण्यांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कॉम्प्युटरचा कागद घडी करून टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवला.

मोठ्या साहेबांना पटवणं मात्र सोपं नव्हतं. साहेब वाईट नव्हते, पण त्यांचा विश्वास छापलेल्या गोष्टींवर होता. हाताने लिहिलेल्या वह्या त्यांनी दोन बोटांनी उलटल्या आणि विचारलं की टेलिफोनवर बसून बिघाड कळत असेल तर आपण लाइनमन कशाला ठेवलेत? मॅडम उत्तर देणार तोच साहेबांच्या टेबलावर फोन वाजला. तक्रार कक्षात कोणी नव्हतं, म्हणून तो इकडे वळवलेला होता. तक्रारताईने सवयीने उचलला.

दंतवैद्य बोलत होते. त्यांची खुर्ची वर जाऊन अडकली होती, त्यात पेशंट होता, आणि पेशंटचं तोंड उघडं होतं. ताईने शांतपणे विचारलं की समोरच्या वाचनालयात काय परिस्थिती आहे. तिथे दिवे आहेत पण पणतीसारखे. आणि शिंप्याचं मशीन? ते व्यवस्थित चालू होतं, हेच तर डॉक्टरांचं दुःख होतं. ताईने पेशंटला धीर द्यायला सांगून फोन ठेवला, एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या, घडी घातली आणि साहेबांच्या चहाच्या बशीखाली ठेवली. बगळेभाऊला फक्त एवढंच सांगितलं की दंतवैद्याकडे जाऊन बघा.

पंचवीस मिनिटांनी त्याचा फोन आला. वाचनालयामागच्या खांबावर सांध्याची तार जळून सुटली होती, बसवली, पेशंट खाली उतरला. साहेबांनी बशीखालची चिठ्ठी उघडली. 'वाचनालयामागचा खांब. सांध्याची तार सुटली असावी.' त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचली, आणि म्हणाले की या वह्यांच्या प्रती काढून घ्या. चारही स्विचच्या जागा त्याच दिवशी ठरल्या. दोन निलगिरीच्या रांगेच्या दोन टोकांना, दोन दगडखाणीच्या वळणाच्या.

आनंदाच्या भरात ताईने ही बातमी रविवारच्या जेवणात घरी सांगितली आणि तिथेच घोळ झाला. नणंद त्या दिवशी जेवायला आलेली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की चार स्विच आहेत तर त्यातला एक आमच्या दारात बसव. घरचं माणूस कचेरीत असून काही उपयोग नको का?

ताईने समजावायचा प्रयत्न केला. दारातला स्विच तुमच्या काही कामाचा नाही, वन्सं. स्विच फक्त तोडतो, देत नाही. तुम्हाला हवा तो जोड, आणि तो तुमच्या शेताच्या मागेच येतोय. पण तिच्या तोंडून 'तोडतो' हा शब्द गेला आणि नणंदेने तोच नेमका पकडला. घरचीच माणसं तोडायला बसली आहेत, हे तिला आज कळलं म्हणाली. ताट अर्धं टाकून उठली, आणि त्या दिवसापासून चार महिने अबोला.

ताईचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावलं की त्याला घरातलं काही दिसत नसे, आणि या चार महिन्यांत त्याने ते भिंग जेवतानाही काढलं नाही असं ताई म्हणायची. बहीण आणि बायको यांच्या मधे त्याची अवस्था इकडे आड तिकडे विहीर. तो दोघींनाही 'बघू' म्हणायचा.

अबोल्यातही नणंदेचे फोन येतच होते, फक्त ती आता ओळख दाखवत नसे. "मी कालव्याच्या टोकावरून एक ग्राहक बोलतेय," असं म्हणायची. ताईही "बोला ग्राहक" म्हणायची. त्यातच खांब उभे करायला, तारा ओढायला वेगवेगळ्या दिवशी वीज बंद ठेवावी लागली, आणि सुधारणेसाठी अंधार हे गणित लोकांच्या गळी उतरवता उतरवता ताईचा घसा बसला. पण काम झालं. माळावरचा जोड उभा राहिला, आणि स्विचचे दांडे तेल घालून कुलूपबंद झाले.

तीन आठवडे काहीच घडलं नाही. मग एका गुरुवारी, दुपारी दोनच्या सुमाराला, वारा सुटला. कचेरीच्या खिडक्या आपटल्या, फळ्यावरची सूचना उडून गेली, आणि दोन वाजून बारा मिनिटांनी दोन्ही फोन एकदम वाजू लागले. बाजारातून, वसाहतीतून, कालव्याच्या पुलावरून. पाचव्या फोनला निलगिरीच्या रांगेतली एक आजीबाई बोलली. तिने सांगितलं की माझ्या अंगणात झाड आडवं पडलंय, तारा खाली आल्यात, आणि मी कोणाला जवळ जाऊ देत नाहीये, हातात काठी घेऊन उभी आहे. ताईने तिला तिथेच लांब उभं राहायला सांगितलं आणि मॅडमना हाक मारली.

पुढचं सगळं कागदावर बसवलेलं होतं. बगळेभाऊने बाजाराच्या टोकाचा पहिला स्विच उघडून कुलूप लावलं. मॅडमनी वीजकेंद्रातून बाजाराला वीज दिली. वीस मिनिटांत बाजार उजळला, आणि फोन निम्मे झाले. आता दुसरा स्विच, रांगेच्या पलीकडे, वजनकाट्यापाशी. आणि इथे कागद संपला. झाड रस्त्यावर आडवं होतं, जीप पुढे जाईना. दुसरी गाडी टेकडीवर दुसऱ्याच कामात अडकलेली. बगळेभाऊ शेतातून वळसा घालून, तारांपासून लांब राहून, पायी पलीकडे निघाला. पण वजनकाटा तिथून मैलभर, आणि जोड त्याच्याही पुढे तीन मैल. झाड कापायला करवती घेऊन माणसं आली होती. वसाहत अंधारात, आणि शेपटाला दोन हजार अंडी, विसाव्या दिवसाची. हे ताईला माहीत होतं, कारण एका ग्राहकाने परवाच तारीख सांगून ठेवली होती.

झाडाच्या पलीकडे गाडी कोणाकडे आहे, याचा विचार करायला तिला फार वेळ लागला नाही. गाडी नणंदेच्या दारात उभी होती. अंडी पोचवायची, मागे खणाखणांची. तिने नंबर फिरवला.

"आता आठवण झाली का?" पलीकडून आवाज आला. ग्राहकाचा नव्हे, नणंदेचा.

"वन्सं, गाडी घेऊन निघा. बगळेभाऊ निलगिरीच्या पलीकडे पायी येतायत. त्यांना वजनकाट्यापाशी न्या, आणि तिथून माळावर."

"इथे माझी अंडी गार होतायत आणि मी ड्रायव्हर होऊ?"

"तुम्ही गेलात तरच ती गार होणार नाहीत. मशीनचं दार कोणाला उघडू देऊ नका. तासभर ऊब टिकेल."

फोन ठेवल्याचा आवाज आला. नणंद निघाली की रागाने फोन आपटला, हे कळायला मार्ग नव्हता. ताईने दरम्यान अकरा तक्रारी घेतल्या आणि त्यातल्या एकीचाही पत्ता तिला नंतर नीट वाचता आला नाही. मग फोन आला आणि त्यात मागे खणांचा खडखडाट ऐकू आला तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

बोलत होती नणंदच. वजनकाट्यापाशी पोचलो, याने दांडा ओढला, कुलूप लावलं, आता माळावर निघतो, असं तिने एका दमात सांगितलं.

"वन्सं, फोन त्यांना द्या."

"मी सांगतेय ना तुला?"

"तुम्ही सांगताय ते खरंच असणार. पण त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी पुढे काही सांगणार नाही. झाडावर माणसं चढलीत. हा स्विच उघडला नसेल आणि तिकडून जोड लागला, तर त्या खाली पडलेल्या तारांत वीज येईल."

नणंदेला कोणी असं अडवलेलं ताईने लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं, आणि अडवणारी आपण आहोत हे तिला बोलून झाल्यावर जाणवलं. मग फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

"दोन नंबर उघडा आहे, ताई. मी स्वतः डोळ्यांनी बघितलं. कुलूप लावलंय, किल्ली माझ्या खिशात." बगळेभाऊने सांगितलं. तिने ते शब्दन् शब्द मॅडमना म्हणून दाखवले आणि वेळ लिहिली. दोन वाजून त्रेपन्न.

माळावर पोचायला गाडीला सात मिनिटं लागली. बगळेभाऊ नंतर सांगायचा की आयुष्यात खांबावर कधी भीती वाटली नाही, ती त्या सात मिनिटांत वाटली. तीन वाजून तीन मिनिटांनी जोड लागला. टेकडीच्या लाइनीतून वीज माळ ओलांडून आली आणि कालव्याच्या लाइनीत शेपटाकडून उलटी शिरली. पहिल्यांदा पोचली ती अंडी उबवणाऱ्या मशीनांत. जे घर आजवर सगळ्यांच्या शेवटी उजळायचं, त्याचा त्या दिवशी वसाहतीच्याही आधी नंबर लागला. पूर्वी असं झाड पडलं की सहा-सात तासांची निश्चिंती असे. त्या दिवशी एक्कावन्न मिनिटं.

निलगिरीची दोनशे घरं मात्र संध्याकाळपर्यंत अंधारातच राहिली, आणि त्यांनी ताईला ते विसरू दिलं नाही. आमच्याभोवती सगळीकडे लाइट आणि आम्हीच काय पाप केलं, हा प्रश्न तिने एकवीस वेळा ऐकला. तिला त्यांचं म्हणणं पटलंही. तिने ते जसंच्या तसं लिहून मॅडमना दिलं, आणि मॅडमनी दुसऱ्याच दिवशी त्या तुकड्यात आवरण असलेल्या तारा टाकायचा आणि फांद्या वेळच्या वेळी छाटायचा प्रस्ताव केला. मोठ्या साहेबांनी तो वाचून फक्त एवढंच विचारलं की वहीत काय लिहिलंय, आणि सही केली.

शनिवारी दुपारी नणंद वीजकचेरीत आली. तक्रार कक्षात ती याआधी कधीच आली नव्हती. टेबलासमोर उभी राहिली, इकडेतिकडे बघितलं, आणि म्हणाली की तक्रार नोंदवायची आहे. ताईने पेन उचललं.

"वजनकाट्यापासून माळापर्यंत रस्ता खराब आहे. गाडी फार हादरते. लिही."

"रस्ता आमच्याकडे येत नाही, वन्सं."

"लिही तरी."

ताईने लिहिलं. पिल्लं किती निघाली हे तिला विचारायचं होतं, पण विचारावं लागलं नाही. एकोणीसशे चाळीस, नणंद म्हणाली, आणि त्यातलं एकही क्षणभर गप्प बसत नाही, आमच्यात कालपासून कोणाला झोप नाही. मग तिने विचारलं की ते स्विच तू कधी बघितलेस का. ताईने नाही म्हटलं. अकरा वर्षं ज्या खांबांची ती नाडी बघत होती त्यातला एकही तिने जवळून पाहिलेला नव्हता, फोन सोडून जाणार कशी? नणंदेने गाडीची किल्ली दाखवली. मॅडमनी तासभर फोनवर बसायचं कबूल केलं, आणि बसल्या बसल्या पहिल्याच तक्रारदाराला शेजाऱ्याकडे डोकावायला सांगितलं.

गाडीत कोंबड्यांच्या खाद्याचा वास होता आणि खिडकीची काच खाली होत नव्हती. निलगिरीच्या रांगेतून जाताना आजीबाईचं अंगण दिसलं, नव्या ओंडक्यांवर कपडे वाळत घातलेलं. वजनकाट्यापाशी नणंदेने गाडी थांबवली. ताई खाली उतरली, मान वर करून खांबाकडे बघितलं, मग खाली आलेल्या दांड्याकडे आणि कुलपाकडे.

"एवढंसंच आहे," ती म्हणाली.

"मलाही तेच वाटलं," नणंद म्हणाली. "म्हटलं, याच्यासाठी मी अर्धं ताट टाकून उठले?"

दोघी हसल्या, आणि मग नणंद जी बोलायला लागली ती माळ येईपर्यंत थांबली नाही. चार महिन्यांचं सगळं तिच्याकडे साठलं होतं. भावाला ते भिंग डोळ्यावरून काढायला सांग म्हणाली, मधे खतवाल्याने कसं फसवलं ते सांगितलं, गुडघा कुठल्या बाजूने दुखतो ते सांगितलं. रस्ता खरंच खराब होता. ताई एका हाताने दार धरून बसली होती आणि दर खड्ड्याला हो म्हणत होती.